बिघडलेल्या खड्ड्याची गोष्ट

कऱ्हाटी गावातल्या स्वरूपा नावाच्या बाईला चारचौघांत बोलता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सकाळी सहाला तिच्या गोठ्यात येऊन उभं राहावं. अहो, धार काढता काढता ती गाईंशी जे बोलते ते ऐकायला, डेअरीवर दूध घालायला निघालेली माणसं गाडी थांबवतात. एका थोराड गाईला ती 'सरपंचबाई' म्हणते, कारण ती सगळ्यांच्या गव्हाणीत तोंड घालते आणि स्वतःच्या गव्हाणीकडं कुणाला फिरकू देत नाही. गुरांचा डॉक्टर इंजेक्शन देताना स्वतःच कसे डोळे मिटून घेतो, शेजारीण साखर मागायला आली की आधी हवापाण्याच्या कशा गप्पा मारते, सगळं ती हुबेहूब करून दाखवते. सासूची नक्कल तर सासूच्या समोर. आणि सासू, म्हणजे मुक्ताबाई, पदर तोंडाला लावून हसतात आणि म्हणतात, "अगं बये, गप की आता, गाय पान्हा चोरतीया."

हीच स्वरूपा हातात माइक आला की दगड व्हायची. घसा कोरडा, तळहात ओले, आणि तोंडातून अशी पुस्तकी मराठी की ऐकणाऱ्याला वाटावं, सरकारी नोटीस वाचतीय.

आता तिला माइक धरायची वेळ का यावी, ते सांगतो. स्वरूपाचा धंदा मुरघासाचा. हिरवा मका चिकात, म्हणजे दाणा दुधाळ असताना कापायचा, बारीक तुकडे करून कुट्टी करायची, दाबून दाबून त्यातली हवा काढायची आणि पिशवी हवाबंद करून पंचेचाळीस दिवस मुरत ठेवायची. उन्हाळ्यात हिरवा चारा मिळेनासा झाला की ती उघडायची. लोणच्याच्या बरणीचंच काम, फक्त खाणारी गाय. आठ वर्षांपूर्वी घरच्या चार गाईंसाठी सुरू केलेलं हे काम आता एवढं वाढलं होतं की आळीतल्या सहा बायका तिच्याकडं रोज कामाला येत. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत शिफ्टला जायचा, त्यामुळं कुट्टीपासून पिशवीच्या गाठीपर्यंत सगळं स्वरूपाच्या हातचं. माल चोख. पण घरी येऊन नेणारी गिऱ्हाइकं कितीशी असणार? आता गावोगावच्या दूध संस्थांत जाऊन, सभासदांपुढं उभं राहून सांगणं भाग होतं.

म्हणून तिनं बारामतीला प्राची म्याडमच्या क्लासमध्ये नाव घातलं. धंदा करणाऱ्या बायकांसाठी तीन दिवसांचा क्लास. ताठ उभं राहा, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, पडद्यावर चित्रं दाखवा, असं सगळं शिकवलं. शेवटी म्याडम म्हणाल्या, "आणि सुरुवातीला एक विनोद सांगा. लोक हसले की तुमची भीती निम्मी होते." म्याडमचं काही चुकलं नव्हतं हो. पण विनोद कुठला सांगायचा, ते आमच्या स्वरूपानं व्हॉट्सॲपला विचारलं.

पहिली बैठक इंदापूर तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळापुढं. स्वरूपानं नमस्कार केला, घसा खाकरला आणि सुरू झाली, "एकदा एक गृहस्थ डॉक्टरांकडे जातात आणि म्हणतात, डॉक्टर, माझ्या पत्नीला ऐकू येत नाही."

पुढचं वाक्य आठवेपर्यंत ती क्षणभर थांबली. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतले एक म्हातारबाबा काळजीनं म्हणाले, "बारामतीला ष्टँडच्या मागं कानाचा चांगला डाक्टर हाय. मंगळवारी बसतो."

"मंगळवारी न्हाय, बुधवारी," दुसरा म्हणाला.

"आरं मी सोता जाऊन आलोय, मंगळवारी!"

झालं. दहा मिनिटं मंगळवार-बुधवार चाललं. एकानं तर स्वरूपाला विचारलं, की ती बाई तुमच्या नात्यातली का? विनोदाचा शेवट ती विसरलीच, पडद्यावरच्या चित्रांची भराभर नावं घेतली आणि खाली बसली. त्या गावातून एकही पिशवी गेली नाही. घरी येताना ती टेम्पोत खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि डोळ्यांत पाणी होतं.

टेम्पो चालवत होता तिचा दीर, रविराज. हा गडी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सेल्समन. बोलायला असा पटाईत की गिऱ्हाईक टायरची चौकशी करायला यावं आणि ट्रॅक्टर बुक करून जावं. मनानं वाईट नाही बरं का, वहिनीवर त्याचा जीव. तो म्हणाला, "वहिनी, कशाला जीव जाळताय? तुमी माल बघा, बोलायचं मी बघतो. पिशवीवर माझा फोन नंबर टाकू, म्हंजी तुमाला कटकटच न्हाय."

त्याचा हेतू चांगला होता, पण स्वरूपाला ते पटेना. मागच्याच महिन्यात रविराजनं एका शेतकऱ्याला ठोकून सांगितलं होतं, "पंधरा दिवसांत तयार!" त्या भल्या माणसानं सोळाव्या दिवशी पिशवी फोडली, गाईनं तोंड फिरवलं, आणि तो बोलायला आला तो स्वरूपाच्या दारात. एकदा बोलणं दुसऱ्याच्या हातात गेलं की माल आपला आणि शब्द दुसऱ्याचा, हे तिला पुरतं कळलं होतं. मग आठ वर्षं राबून उभं केलेल्या कामात ती फक्त कुट्टी करणारी बाई उरली असती.

"भवानीनगरजवळच्या संस्थेची सभा हाय पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. "तेवढी एक मला बोलू द्या, भाऊजी. न्हाय जमलं तर पुढचं सगळं तुमी बोला. पिशवीवर नंबरबी तुमचाच."

"बघा बरं," रविराज म्हणाला, "शब्द दिलाय तुमी."

मग काय, सुरू झाला सराव. स्वरूपा गोठ्यात गाईंपुढं उभी राहायची आणि कागद बघून म्हणायची, "सन्माननीय पशुपालक बंधू आणि भगिनींनो, मुरघास ही काळाची गरज आहे." तिसऱ्या दिवशी ती 'काळाची गरज' म्हणाली आणि सरपंचबाई शेपूट उडवून खाली बसली. कोपऱ्यात शेण भरत असलेल्या मुक्ताबाईंना राहवलं नाही.

"आगं, गाईला झोप आली, माणसांचं काय हुईल? तुझं त्वांड हितं दिवसभर चालतंय, आन् तितं काय हुतं तुला?"

"मग काय सांगू, आत्या?" स्वरूपा चिडून म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणते. "खड्ड्याची गोष्ट सांगू?"

हे ती रागानं बोलली, कारण खड्ड्याचं नाव त्या घरात आठ वर्षं कुणी काढलं नव्हतं. झालं होतं असं, की स्वरूपानं पहिला मुरघास घराशेजारच्या खड्ड्यात केला, तो पार सडला, आणि नेमका उघडला शेजारच्या म्हाळसाच्या साखरपुड्याच्या दिवशी. असा घाण वास सुटला की वालचंदनगरकडून आलेले पाव्हणे न जेवता उठून गेले. लग्न मोडता मोडता राहिलं, पण म्हाळसाच्या माहेराला नावं ठेवली गेली ती गेलीच. वास कुठला ते कुणालाच कळलं नाही. मुक्ताबाईंनी त्याच रात्री बजावलं होतं, की सून असशील तर तोंड उघडू नकोस.

पण आता रागाच्या भरात स्वरूपा थांबलीच नाही. पाव्हणे कसे नाक दाबत होते, म्हाळसाचा बाप घाबरून अत्तर शिंपडत कसा पळत होता, सगळं तिनं करून दाखवलं. मुक्ताबाई आधी "गप, गप" म्हणाल्या, मग शेणाची पाटी खाली ठेवली, मग गव्हाणीला धरून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.

"ह्येच सांग की तितं," त्या शेवटी म्हणाल्या.

"आन् अब्रू?"

"म्हाळसा सुखात हाय, दोन लेकरं झाली तिला. आता कसली अब्रू? अन् पिकवलेला मका आपला सडला, तर लाज आपलीच ना? दुसऱ्याची न्हाय काढायची, बास."

स्वरूपानं मान डोलावली, पण कागद काही सोडला नाही.

सभेचा दिवस उजाडला. संस्थेपुढं मोठा मांडव, मागं आचाऱ्यांची चूल, बुंदीचा आणि वांग्याच्या रश्श्याचा वास थेट पहिल्या रांगेपर्यंत. स्वरूपाला साडेअकराची वेळ आणि अर्धा तास दिला होता. पण सत्कार हा आपल्याकडं साधा विषय नाही, हे ती आणि प्राची म्याडम दोघी विसरल्या होत्या. आधी चेअरमन गेणबा आबांचा फेटा. मग मानाच्या क्रमानं शेजारीच बसलेले त्यांचे जुने मित्र सोनबा तात्या, मग बाकीचे संचालक, मग माजी संचालक, मग बँकेचे साहेब, मग साहेबांचे ड्रायव्हर. एका माजी व्हाइस चेअरमनचं नाव घ्यायचं राहिलं, तर ते तडक उठून मोटरसायकलीपर्यंत गेले. त्यांना दोघांनी दंडाला धरून परत आणलं आणि दुसऱ्या कुणासाठी ठेवलेला फेटा त्यांना बांधला. मग ज्याचा फेटा गेला तो रुसला. असं करता करता एक वाजला.

स्वरूपाचं नाव पुकारलं तेव्हा ऊन असं कडक पडलं होतं की पडद्यावर चित्र सोडाच, काळा ठिपकासुद्धा दिसेना. सेक्रेटरी कानाशी येऊन म्हणाले, "ताई, दहा मिनिटांत उरका, पंगती खोळंबल्यात."

माइक हातात घेतला आणि नेहमीचं झालं. घसा कोरडा. कागदावरची अक्षरं हलायला लागली. "सन्माननीय," ती म्हणाली, आणि पुढं शब्दच नाही. मांडवात कुणी जांभई दिली, कुणी मागं चुलीकडं बघितलं. गेणबा आबा चेअरमन म्हणून ताठ बसले होते, पण डोळे मिटलेले. खाली उभा असलेला रविराज एक पाऊल पुढं आला आणि हात पुढं करून हळूच म्हणाला, "द्या, वहिनी. मी उरकतो."

त्या हाताकडं तिनं बघितलं. माइक दिला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. तिनं कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"तेवीस फेटे मोजले मी," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण होता तिचाच. "चोविसाव्याला कापड पुरलं न्हाय म्हणून मला बोलायला उभं केलंय. भूक तुमालाबी लागलीय आन् मलाबी. म्हणून एकच गोष्ट सांगते. जेवायच्या आधी सांगण्यासारखी न्हाय, पण माझ्याकडं तीच हाय."

कुठंतरी दोघं-चौघं हसले. फार नाही. पण ते हसू ऐकलं आणि स्वरूपाचा घसा मोकळा झाला.

"आठ वरसांमागं मी पैल्यांदा मुरघास केला. मोबाइलवर बघून! मोबाइलमधली बाई घसा फोडून सांगत हुती, हवा काढा, हवा काढा. मी म्हणलं, हवेनं काय हुतंय? खड्ड्यात मका भरला, वरनं ट्रॅक्टर फिरवून दाबायचा, तर मी आन् आमच्या आत्या दोघीच थोडं नाचलो. वर प्लॅस्टिकचा कागद टाकला, दगडं ठेवली, आन् कॅलेंडरवर पंचेचाळिसाव्या दिवसाला लाल गोल केला. नेमका त्याच दिवशी शेजारी साखरपुडा. मांडव भरलेला, पाव्हणे आलेले, आन् अकरा वाजता मी कागद उचलला."

ती थांबली. मांडव ऐकत होता.

"काय सांगू वास! आमचा कुत्रा उठून गेला, त्यो तीन दिवस घरी आला न्हाय."

आता हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. स्वरूपानं स्टेजवरची एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि तिच्यावर अशी ऐटीत बसली की बाईचा पुरुष झाला.

"आमी दोघी लांबनं, भिंतीआडनं बघतोय. पाव्हण्यांत एक लई रुबाबदार गडी, फेटा बांधलेला. त्यांनी आधी आपल्या चपलंचा तळ बघितला, हा असा. मग शेजारच्या पाव्हण्याकडं बघितलं, हे असं. शेजारच्यानं मान हलवली, म्या न्हाय! ह्यांनी खुर्ची वीतभर सरकवली. वास काय जाईना. पुन्यांदा शेजारच्याकडं बघितलं. त्यो गळ्याला हात लावून सांगतोय, आईच्यान, म्या न्हाय! ह्यांनी आणखी सरकवली. सरकवत सरकवत ह्यो पाव्हणा मांडवाच्या भायेर, आन् खुर्चीसकट उसात!"

खुर्ची घेऊन सरकत ती खरंच स्टेजच्या काठापर्यंत गेली. माणसं मांड्यांवर थापा मारत होती. आचारी झारा हातात घेऊन मांडवाच्या तोंडाशी आला होता. आणि तेवढ्यात गेणबा आबा उभे राहिले.

"थांब," ते म्हणाले.

हसू जिथल्या तिथं विरलं. आबांचा शब्द त्या संस्थेत शेवटचा. त्यांनी होकाराची मान डोलावली नाही तर एक सभासद पिशवी घेणार नव्हता. स्वरूपा खुर्चीतून उठली.

"ह्यो साखरपुडा कऱ्हाटीतला का? म्हाळसाचा?"

स्वरूपानं खुर्ची मागं सारली. "व्हय, आबा," ती म्हणाली.

"नवऱ्या मुलाचा मावसा मी. ती खुर्ची सरकवणारा बी मीच."

रविराजनं कपाळाला हात लावला. स्वरूपाला वाटलं, भुई फाटावी आणि आपण आत जावं. आठ वर्षं झाकलेली गोष्ट आपण सांगितली कुणाला, तर ज्याच्यापासून झाकली त्यालाच! "आबा, माफी करा," ती कशीबशी म्हणाली. "चूक माझी हुती. त्या घराची न्हाय."

आबा तिच्याकडं बघतच नव्हते. ते हळूहळू वळले आणि शेजारच्या सोनबा तात्यांकडं बघायला लागले. सोनबा तात्या दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून उठले.

"आठ वरसं!" तात्या म्हणाले. "आठ वरसं मी ह्याला सांगतोय, म्या न्हाय! तुळजापूरच्या देवीची शपथ घेतली. ह्यो म्हणतो, देवीला मधी आणू नको. त्या दिवसापासनं ह्यानं मला एका लग्नात शेजारी बसवलं न्हाय. गाडीत बसवतो ते खिडकीला, आन् काच खाली करून! थंडीत सुदिक!"

आधी आबांचं पोट हललं. मग खांदे. मग त्या ताठ म्हाताऱ्यानं असं गडगडून हसायला सुरुवात केली की सगळा मांडव फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. बँकेचे साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. सोनबा तात्या आधी रागानं बघत राहिले आणि मग तेही हसले, आणि हसता हसता त्यांना रडूच आलं.

आबांनी डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी उचलला आणि तात्यांच्या फेट्यावर ठेवला. एकावर एक दोन फेटे. "सोनबा," ते म्हणाले, "चुकलं माझं." सेक्रेटरींना सवयच ती, त्यांनी दुसरा माइक उचलून जाहीर केलं, "आता सन्माननीय सोनबा तात्यांचा चेअरमनसाहेबांच्या शुभहस्ते दुसऱ्यांदा सत्कार होत आहे." टाळ्या थांबता थांबेनात.

मग आबा खुर्चीत बसले, डोळे पुसले आणि स्वरूपाला म्हणाले, "आता सांग पोरी. हवा कुठनं शिरली हुती?"

हा प्रश्न विचारला गेला आणि स्वरूपाची भीती कुठं गेली ते तिला आजही सांगता येत नाही. तिनं पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही. मका किती ओला असावा, कुट्टी किती बारीक, दाब कसा द्यायचा, पिशवीला भोक पडलं तर काय, पंचेचाळीस दिवसांआधी का उघडायची नाही, असं सगळं ती गोठ्यात बोलते तसं बोलली. माणसं मध्ये थांबवून विचारत होती आणि ती उत्तर देत होती. "पंधरा दिवसांत हुतो म्हणणारा भेटला तर माझ्याकडं पाठवा," ती म्हणाली आणि रविराजकडं बघून हसली. रविराजनं कान पकडले. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला आणि पंगतीची आठवण कुणी काढली नाही.

शेवटी तिनं बरोबर आणलेली पिशवी सोडली आणि ओंजळभर मुरघास आधी सोनबा तात्यांपुढं धरला. पिवळसर हिरवा, आंबूस गोड वासाचा. तात्यांनी डोळे मिटून वास घेतला.

"ह्यो वास आला असता," ते म्हणाले, "तर माझी आठ वरसं सुखात गेली असती."

संस्थेनं त्याच दिवशी उन्हाळ्याची सगळी मागणी नोंदवली. पण स्वरूपाला सगळ्यांत मोठं वाटलं ते संध्याकाळी. म्हाळसाचा फोन आला. आबांनी तिच्या घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की तुझ्या माहेरात काही घाण नव्हती गं पोरी, आम्हीच उगाच नावं ठेवली. म्हाळसा फोनवर हसत होती आणि मध्येच नाक ओढत होती. मुक्ताबाईंनी फोन कानाला लावून घेतला आणि कितीतरी वेळ नुसत्या "व्हय गं, व्हय गं" म्हणत राहिल्या.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका संस्थेचा फोन आला, तो रविराजनं घेतला. स्वरूपा पिशव्यांना गाठी मारत ऐकत होती. "छे छे, मी न्हाय बोलत," तो सांगत होता. "वहिनी बोलतात. नंबर लिहून घ्या त्यांचा. मी नुसता टेम्पो चालवतो."

तळहात तिचे अजून ओले होतात, उगाच खोटं कशाला सांगू. माइक पुढं आला की पहिलं अर्धं मिनिट घसा कोरडाच असतो. मग ती पहिल्या रांगेत बघते. आसपास कुठंही तिची बैठक असली की दोन म्हातारे आवर्जून येतात, एकाच गाडीतून, काचा वर करून. मांडवात शिरल्यावर आबा आधी आपली खुर्ची ओढतात आणि सोनबा तात्यांच्या खुर्चीला चिकटवतात. ते बघितलं की स्वरूपा कागद कमरेला खोचते आणि बोलायला लागते.